तीन कोटेशनांची होडी

आमच्या आतोबांनी आयुष्यात एकही वस्तू सरळ विकत घेतलेली नाही. लिंबूसुद्धा नाही. खरंच सांगतेय, मस्करी नाही! आतोबा म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. बोरिवलीला आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात, आणि मला कळायला लागल्यापासून तेच सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. सोसायटीचा नियम असा की कुठलंही काम काढायचं तर आधी तीन कोटेशनं घ्यायची. टाकी धुवायची, तीन कोटेशनं. गच्चीचं लीकेज, तीन कोटेशनं. आता हे सगळ्याच सोसायट्यांत असतं यार, पण आतोबांच्या अंगात तो नियम असा भिनलाय की बास. मार्केटमध्ये ते पहिल्या भाजीवाल्याला लिंबाचा भाव विचारतात, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, मग त्यांना कळतं की पहिलाच स्वस्त होता, मग परत पहिल्याकडे येतात, तोवर त्याची लिंबं संपलेली असतात. घरी पोहे लिंबाशिवाय. आत्या बशी जरा जोरात ठेवते. पोटात दुखलं तरी तीन डॉक्टर. तिसऱ्याकडे पोचेपर्यंत दुखायचं थांबतं आणि आतोबा विजयी चेहऱ्याने घरी येतात, "बघितलंस? आधीचे दोघं उगाच गोळ्या देत होते." लग्नाच्या वेळी पण तीन स्थळं बघितली होती असं ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. "तुझी आत्या म्हणजे तिसरं कोटेशन." आत्या भाजी चिरता चिरता, मान वर न करता म्हणते, "आणि सगळ्यात महागात पडलं."

तर अशा माणसाने रिटायर झाल्या झाल्या गावी जाऊन होडी घेतली. एका दुपारी! कोणालाही न विचारता! खाडीकाठी उलटी घालून ठेवलेली होती, तिच्यावर खडूने "विकणे आहे" लिहिलेलं होतं, आणि आतोबा जेवायला घरी आले ते होडीचे मालक होऊनच. ते बोरिवलीला परत आल्यावर मी विचारलं, "आतोबा, कोटेशनं?" तर खाली बघत म्हणाले, "अगो, ती माझ्याकडेच बघत होती." मग सुरू झालं सगळं. होडी कोकणात आणि आतोबा बोरिवलीत, म्हणून सवय राहावी यासाठी ते नारिंगी लाइफ जॅकेट घालून दूध आणायला जायला लागले. वॉचमनने घाबरून विचारलं, "काका, पाणी भरणार आहे का कुठे?" फोनवर गावच्या भावाला रोज विचारणा, होडी कशी आहे, जेवली का विचारावं तशी. आत्याने हे सगळं सहन केलं. पण आधी इंजिन, मग तळाच्या फळ्या, मग पाण्यातला पंखा, असं एकेक निघत गेलं तेव्हा एक दिवस तिने चहा समोर ठेवला आणि म्हणाली, "आता पुढचा मोठा खर्च निघाला की विकायची. कबूल?" आतोबा मिटिंगच्या सवयीने बोलून गेले, "सर्वानुमते मंजूर." बोलल्यावर त्यांचा चेहरा असा झाला ना, की मी चहाच प्यायले नाही.

आणि मोठा खर्च निघाला तेव्हा होडीत मी होते. मालाडच्या ऑफिसमधून सुट्टी काढून मी त्यांच्याबरोबर गावी गेले होते. आतोबा म्हणाले, चल, किनाऱ्या-किनाऱ्याने खाली त्या पुढच्या बंदरावर जाऊ, तिथे सगळ्यात चांगले मासे मिळतात (म्हणजे आधी दोन बंदरांवरचे ते खाऊन आले असणार, मी विचारलं नाही). गेलो मस्त. बंदर समोर दिसायला लागलं आणि होडी थांबली. म्हणजे इंजिन चालू, धूर चालू, आवाज झकास, आतोबा गिअर पुढे ढकलतायत, मागे ओढतायत, परत पुढे ढकलतायत, आणि होडी आपली जागच्या जागी डुलतेय. "गिअर घेत नाही गो," आतोबा म्हणाले, आणि तेव्हा ते पहिल्यांदा मला म्हातारे वाटले. नशिबाने एक मच्छीमार बोट जवळून चालली होती. मी दोन्ही हात हलवले. त्यांनी दोर फेकला. आणि आतोबांनी, वाहत जाताना, भर समुद्रात, विचारलं, "ओढून न्यायचे किती?" त्यांनी सांगितलं. आतोबा लांब क्षितिजाकडे बघायला लागले. मला लगेच कळलं. बाकीची दोन कोटेशनं शोधतायत! "आतोबा, दोर बांधा!" मी ओरडले. बांधला.

त्या बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस एकच. सगळे त्याला मेस्त्री म्हणतात. त्याने गिअर बॉक्सचं तेल बोटावर घेतलं, बोटं चोळून बघितली, वास घेतला आणि म्हणाला, "इंजिनाक काय झाला नाय. गिअर गेलो. क्लच प्लेटी जळल्यो." मग खर्च सांगितला. सामान वेगळं, मजुरी वेगळी. मी तिथेच पायरीवर बसले. आतोबांनी मात्र खिशातून पेन काढलं.

"दुसरा मेस्त्री कुठे मिळेल?"

"मिळाचो नाय."

"आणि तिसरा?"

"दुसरोच नाय तर तिसरो खंयसून येतलो?"

"पण तीन कोटेशनं लागतात हो. नियम आहे."

मेस्त्रीने डोकं खाजवलं. आतून त्याची बायको चहा घेऊन आली, तिच्याकडे बघितलं, आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. "मगे लिवून घेवा. पयला माझा. दुसरा माझ्या मेव्हण्याचा. तो गोव्याक आसता, येवचो नाय, पण इलो तर दुप्पट घेतलो. आणि तिसरा बाबांचा. बाबांचो रेट माझ्या निम्मो."

"वा! बाबा कुठे असतात?"

मेस्त्रीने बोट वर केलं. मी माळ्याकडे बघितलं. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, हळूच म्हणाल्या, "वर म्हणजे अगदी वर गो. बरीच वर्सां झाली."

दुसऱ्या कोणीही हसून सोडून दिलं असतं. आतोबांनी पेनचं टोपण लावलं आणि जाहीर केलं, "सगळ्यात कमी कोटेशन बाबांचं. म्हणजे नियमाप्रमाणे काम बाबांना."

"ओ, पण बाबा नाय आसत!"

"कोटेशन दिलं कोणी? तुम्ही. एकदा दिलेलं कोटेशन मागे घेता येत नाही."

मला वाटलं, आता वाट लागली, हा माणूस आम्हाला हाकलणार. मेस्त्री आतोबांकडे बघतच राहिला. मग इतका हसला की चहा सांडला. "बरा. बाबांच्या रेटान करतंय. पण मगे बाबांच्याच स्पीडान करतलंय हां."

आणि त्याने केलं! काय सांगू तुम्हाला! सकाळी एक नट उघडला की तो डिझेलमध्ये धुवायचा, पुसायचा, गोणपाटावर ठेवायचा, आणि लांबून बघायचा. मग म्हणायचा, "बाबा आता देवळात जायचे," आणि देवळात जायचा. दुपारी बाकड्यावर उशी घेऊन आडवा, "बाबा ह्या वेळाक निजायचे." आतोबा सोडणार थोडेच! ते बाजूला स्टूल टाकून बसायचे आणि विचारायचे, "बाबा संध्याकाळी काय करायचे?" "पत्ते खेळायचे." मग दोघं पत्ते खेळायचे. मला वाटतं शेवटी शेवटी दोघांनाही मजा येत होती. आम्ही त्यांच्याच पडवीत राहत होतो, वहिनींच्या हातचं माशांचं तिखलं खात होतो, आणि मी ऑफिसच्या मिटिंगा नारळाच्या झाडाला टेकून करत होते, कारण रेंज फक्त तिथेच. मेस्त्रीला मी एकदा विचारलं की बाबा एवढं कमी का घ्यायचे. तो म्हणाला, "हयसर जो होडी घेवन येता, तो घरापास्ना लांब अडाकलेलो आसता. बाबा म्हणायचे, अडाकलेल्याकडसून ज्यास्ती घेव नये." मग जरा थांबून म्हणाला, "म्हणान तर आमचा घर अजून कौलांचा."

पण मजुरी निम्मी झाली म्हणून क्लच प्लेटा थोड्याच निम्म्या होतात. त्या मुंबईतच मिळणार होत्या, अंधेरीच्या दुकानांत. आणि मुंबईत कोण? आत्या. तोपर्यंत आतोबा तिला रोज फोनवर "सगळं ठीक, हवा छान आहे" एवढंच सांगत होते. आता सांगावंच लागणार होतं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः होडीआड जाऊन उभे राहिले. होडीआड! जसं काही आत्या फोनमधून बाहेर येणार होती.

मी एका दमात सगळं सांगितलं.  मग आत्या म्हणाली, "त्या सामानाचं नाव आणि फोटो पाठव." आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली? विकायचं म्हणाली?" आतोबा. "काही नाही म्हणाली." "म्हणजे विकायची." त्याच संध्याकाळी कोणीतरी गिऱ्हाईक पण आलं बघा, बातमी कशी पसरते देव जाणे. त्याने होडीवर टिचक्या मारून बघितल्या, फणस बघतात तशा.  तो गेल्यावर त्याने टिचक्या मारल्या होत्या तिथे आतोबांनी हाताने पुसलं. मला रडूच आलं यार. मी आत्याला मोठा मेसेज टाइप केला, प्लीज प्लीज विकू नको, मी माझ्या पगारातून देते, वगैरे वगैरे. तिने वाचला. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीतून आत्या उतरली. खांद्याला पर्स, हातात जुन्या साडीत गुंडाळलेलं जड काहीतरी. आतोबा उठून उभे राहिले, सेक्रेटरीने थकबाकी विचारलेल्या सभासदासारखे. आत्याने ते गाठोडं मेस्त्रीच्या गोणपाटावर ठेवलं, सोडलं. नव्या कोऱ्या क्लच प्लेटा.

आतोबांच्या तोंडून काय निघावं? "किती दुकानांत विचारलंस?"

"एका."

"एकाच? म्हणजे पहिल्याच दुकानात?"

"हो."

"भाव तरी केलास?"

"नाही. त्याने सांगितले तेवढे दिले."

"अगं पण का?"

"का म्हणजे?" आत्याचा आवाज चढला. "तुम्ही इथे असे बसलेले, ही पोरगी तिकडून रडके मेसेज टाकतेय, आणि मी काय अंधेरीभर भाव विचारत फिरू? मला तुम्ही घरी पाहिजे होतात. होडीसकट."

"होडीसकट?"

"मग? विकायची असती तर हे वजन बोरिवलीपासून मांडीवर घेऊन आले असते का? पाय बधिर झालेत माझे. चहा कोण देतंय?"

आतोबाच आत पळाले, चहा आणायला. माणूस एवढी वर्षं प्रत्येक मिटिंगमध्ये शेवटचा शब्द बोलतोय, आणि आज कपबशी घेऊन आत्यासमोर उभा. मी इतक्या जोरात हुर्रे केलं की वहिनींच्या कोंबड्या पळाल्या. मेस्त्रीने त्या दिवशी बाबांचा स्पीड सोडला. दुपारी झोपला नाही, पत्त्यांना हातही लावला नाही, आणि गिअर बॉक्स जोडून मोकळा झाला. "आज बाबा असते तर?" मी विचारलं. "आज बाबापण निजले नसते," तो म्हणाला.

निघताना आत्या पहिल्यांदाच होडीत बसली. याआधी तिने तिला हातसुद्धा लावला नव्हता. आतोबांनी स्वतःचं जॅकेट काढून तिला घातलं, त्याचे पट्टे आवळले, परत सैल केले. गिअर टाकला, खालून खट्ट असा छान दमदार आवाज आला आणि होडी निघाली. आत्या आधी फळी घट्ट धरून बसली होती. मग एका हाताने. मग हात मांडीवर आला. आतोबांच्या गावच्या खाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ती म्हणाली, "अहो, जरा बंद करा ना ते इंजिन."

आतोबा दचकले. एवढ्या मुश्किलीने चालू झालेलं इंजिन कोणी मधेच बंद करतं का? परत चालू नाही झालं तर? मीपण पुढे बसून मनात देवाचं नाव घ्यायला लागले. पण त्यांनी आत्याकडे बघितलं आणि बंद केलं.

एकदम शांत झालं. पाणी होडीच्या अंगाला चुबुक चुबुक लागत होतं, एवढाच आवाज. आत्या आजूबाजूला बघत होती आणि आतोबा आत्याकडे. मी सगळ्याचे फोटो काढणारी मुलगी, पण तेव्हा फोन बाहेर काढावासा वाटला नाही. आता कधीकधी ऑफिसात वाटतं, काढायला हवा होता, निदान एक. भरती आत येत होती, ती आम्हाला आपली आपण गावाकडे घेऊन चालली होती. पाण्यात बोटं बुडवत आत्या म्हणाली, "हे मला आधी कोणी सांगितलं नाही."

"मी सांगत होतो," आतोबा म्हणाले. "पण तू खर्चच विचारायचीस."