ताईबाई आणि ‘राहा’ची चिठ्ठी

धुळ्याच्या मुलींच्या शाळेत ताईबाईंनी बत्तीस वर्षं शिकवलं. लग्न केलं नाही. ख्रिस्ती मंडळीतले लहानथोर त्यांना अक्का म्हणत. कुणाच्या घरी गेल्या तर त्या आधी चुलीजवळ टेकत, खुर्चीचं मग बघत.

छप्पन सालच्या जूनमध्ये शिरपूरचे उपदेशक अभिमन आपल्या लेकीला, सलोमीला घेऊन त्यांच्याकडे आले. पोरगी बी.ए. झालेली, पुण्याला एम.ए.साठी जागा मिळालेली. शनिवारपर्यंत होकार पोचला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. पण अवघड प्रश्न आला की प्रार्थना करून चिठ्ठी टाकायची, ही त्यांच्या मंडळीची रीत. बापलेकीनं ‘जा’ आणि ‘राहा’ लिहून टाकली. ‘राहा’ निघालं.

“चिठ्ठी देवनी शे, अक्का,” अभिमन म्हणाले. “आता हिला तुमच्या शाळेत लावून घ्या.”

ताईबाई चहा ओतत होत्या. “निघाल्यावर तुला काय वाटलं गं?”

सलोमी बशीकडे बघत राहिली. “रडू आलं. मग रडल्याचीही क्षमा मागितली.”

ताईबाईंचा हात थांबला. जे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, ते आता सांगणं आलं. मंडळी त्यांच्या आज्ञाधारकपणाचं कौतुक करी. ते जाईल, हेही त्यांना दिसत होतं.

“भाऊ, माझीही चिठ्ठी ‘राहा’च निघाली होती. मुंबईला शिकायला जायचं होतं. मी रडले नाही, हुश्श केलं. वर्गात एकटी बाई म्हणून बसायची भीती वाटत होती, ती टळली. आणि त्या सुटकेलाच मी देवाची आज्ञा म्हटलं. इथं त्यानं मला भरभरून दिलं, खोटं कशाला बोलू. पण ती चिठ्ठी त्याची की माझ्या भीतीची, हे मला अजून सांगता येत नाही.”

अभिमननी विचारलं, “म्हणजे पुन्हा टाकू?”

“टाका की. ‘जा’ निघेपर्यंत टाकत बसा.”

सलोमीला हसू फुटलं. बापालाही आवरेना.

“पण मी बठ्ठास्ले सांगेल शे,” ते म्हणाले. सगळ्या मंडळीला ‘राहा’ कळलं होतं.

“मग माझी गोष्टही सांगा. रागावतील ते माझ्यावर.” मग त्या सलोमीकडे वळल्या. “पहिल्या रविवारी उपासनेची जागा शोध, मग खानावळ. वर्गात शंका मनात ठेवू नकोस. तीच एखादा मुलगा विचारील आणि शाबासकी घेऊन जाईल. तुझ्या बोलण्याला हसतील. हसू दे, प्रश्न पुरा कर. सगळ्यांचा चहा तुझ्याच गळ्यात पडला तर एकदा कर. दुसऱ्यांदा पुस्तक उघडून बस.”

पत्र वेळेत पोचलं नसतं. अभिमन उठले, “तारघर कुठे?” विचारलं. सलोमी त्यांच्या आधी चपला घालून दारात उभी.

त्या वर्षी शिरपूरच्या मंडळीनं स्त्रियांच्या सभेला अक्कांना बोलावलं नाही. अभिमन मात्र आले, लेकीला चाळीसगावला पुण्याच्या गाडीत बसवून परत जाताना.

“गाडी सुटली तरी पोरीला मला हात करायचं भान नाही,” ते म्हणाले. “शेजारच्या बाईशी बोलण्यात गुंग.”

ताईबाईंनी त्यांना ताट वाढलं.