उलट्या हातांचा समुद्र

बरोबरीचे शिकाऊ डॉक्टर तिला 'कॅमेरावाली' म्हणत. दुर्बिणीच्या ऑपरेशनात तिच्या हाती नेहमी दुर्बीणच येई. हत्यारं लांब दांड्याची, बारीक भोकांतून आत जाणारी. हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं. तिथे तिचा डावा हात बावचळायचा.

मोठे सर स्पष्ट बोलले, "डावा हात झोपलाय तुझा. शुक्रवारी पित्ताशय तू धरायचंस. जमलं तर पुढचं शिकवतो. नाही तर दुर्बीण आहेच."

सरावाचं महागडं यंत्र विभागात एकच, त्यापुढे कायम रांग. तिने जुन्या बाजारातून व्हिडिओ गेम आणला आणि आत्याच्या टीव्हीला जोडला. समुद्रतळाची गुहा. कंट्रोलरच्या डाव्या काडीने शेवाळाचा पडदा बाजूला धरायचा, उजवीने मोती उचलायचा. पडदा सुटला की मोती बुडाला. त्यात तिने दोन्ही काड्यांच्या दिशा उलट्या करून घेतल्या.

पहिल्या दिवशी एकही मोती हाती लागला नाही.

"एवढी शिकलीस, आणि आता टीव्हीत मोती शोधतेस?" आत्या म्हणाली.

"हाताला शिकवतेय गं."

"मग दात-ओठ कशाला खातेस? त्यांना काय शिकायचंय?"

तिने जबडा सैल सोडला. खांदेही. ड्यूटीवरून आली की ती बसे. अंगठा भरून आला की थांबे, मग पुन्हा काड्या धरी. घाई केली की गुण वाढत, पण खेळातल्या चिमट्याचं टोक गुहेच्या भिंतीला घासे. असा डाव ती स्वतःच मोडी. फुकटचे गुण तिला नको होते.

हळूहळू खोलीत निळा उजेड साचू लागला. खिडकीचा पडदा शेवाळासारखा हले. खुर्चीत डोळा लागलेली आत्या तळाशी निजलेल्या मोठ्या माशासारखी दिसे. आपण श्वास घेतोय की नाही, याचंही तिला भान नसे. एकदा तिने चहाला हात घातला, तर हात भलतीकडेच गेला. कप लवंडला.

"घ्या! आता चहाही उलट्या वाटेने?" आत्या फडकं आणायला उठली.

शुक्रवारी ऑपरेशन थिएटरमधला पडदा उजळला. यकृताची तपकिरी कड ओल्या खडकासारखी. तिच्याखाली चकचकीत पित्ताशय, पाण्यात तरंगावं तसं. उजव्या हातात नेहमीची दुर्बीण; डाव्या हातातल्या चिमट्याने तिने ते उचलून धरलं. इथे बुडालेलं परत वर येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खाली सरांची कात्री चालू होती. तिचा दंड पेटला. टोक हललं नाही.

"थोडं डावीकडे."

टोक डावीकडे गेलं. हात कुठे गेला, हे तिने पाहिलंच नाही.

सरांनी हातमोजे काढले. "पुढच्या वेळी दुर्बीण दुसऱ्या कुणाला दे."

घरी आत्याने चहा पुढे ठेवला. "जमलं का गं?"

तिने हसत हात पुढे केला. कप आडवा झाला.

"म्हणजे जमलं," आत्या म्हणाली, आणि फडकं आणायला गेली.