ओळखीचा हात

होळीनंतर गवळ्याच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाचं हाड काढलं.

धारा काढून सांधा झिजला होता. डॉक्टर म्हणाले, सांधा कायमचा जखडून टाकला तर जोर राहील, पण अंगठा वळणार नाही. हाड काढलं तर वळेल, जोर कमी होईल. तो म्हणाला, “वळू दे की. म्हशीला जोर न्हाय, हात कळतोय.”

माझी बायको गेल्यापासून मी त्याच्याच कट्ट्यावर, म्हैस समोर पिळून देतात तिथं, दूध पितो. “पावणं, निम्मा का फुल?” याहून जास्त तो माणसांशी बोलत नाही. म्हशीशी मात्र सारखा बोलतो.

हात बरा होईतोवर धार त्याची बायको काढायची. दिवाळीनंतर तो पुन्हा धारेला बसला. म्हशीनं लाथ मारली, पान्हा सोडलाच नाही. मी ग्लास धरून तसाच उभा राहिलो.

“हिनं वळखलं न्हाय,” म्हणत त्यानं बादली बायकोकडं दिली.

आता धार तीच काढते. तो म्हशीच्या तोंडाशी उभा राहून बोलत असतो.