ज्याने शिवी देणं बंद केलं

आशागडजवळच्या चिकूच्या वाडीतली ती शिडी आणि तिचा कापलेला दोर आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे.

पालघर जिल्हा नवा झाला तेव्हा माझी नेमणूक डहाणूकडे झाली. घर लांब जतला, शाळा लवकर सुटलेली, स्वभाव धास्तीचा. पोलीस ठाण्यात सगळे मला 'अहो हवालदार' म्हणायचे आणि मी डबा एकटा खायचो. एक दिवस जीपचा ड्रायव्हर दारातून ओरडला, "ए भाड्या, मासे थंड होतायत! तुला काय पत्रिका छापू?" त्या दिवसापासून मी तिथला झालो. त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही. ती शिवी मला तपासातही कामी आली.

वाडीत चिकू उतरवणारा एक गडी शिडीसकट खाली आला. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला, शुद्ध हरपली. नावं सांगत नाही. त्याला वरचा म्हणू आणि खाली टोपली घेणाऱ्या त्याच्या जोडीदाराला खालचा. आधी अपघाताची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी त्याच वाडीतल्या जुन्या मुकादमाचा फोन आला, "साहेब, शिडीचा दोर बघा. आणि सकाळी खालचा काय बोलला, तेही विचारा."

दोर बघितला. चाकूने निम्म्याहून जास्त कापलेला, उरलेला वजनाने तुटलेला. म्हणजे कलम ३०७, खुनाचा प्रयत्न. शिडी रोज झाडाला खालचाच बांधायचा. आणि त्या सकाळी सगळ्यांदेखत तो वरच्याला म्हणाला होता, "पड एकदाचा आणि मर, रांडेच्या!"

त्याला ठाण्यात आणलं. त्याची बायको बाहेर पायरीवर बसून राहिली.

"दोर मीच बांधला साहेब, कापला नाय," खालचा म्हणाला. "उठू दे त्या भाडखाऊला, मीच त्याला चार लाथा घालतो. डोळे मिटून पडलाय मेला! हाक मारली तं ओ देत नाय!"

आमचे फौजदार साहेब म्हणाले, "बघा, अजून मारायचीच भाषा."

मला मात्र त्या शिव्यांत ड्रायव्हरचा आवाज ऐकू येत होता. साहेबांपुढे बोलायला जीभ चाचरत होती, पण पायरीवरची बाई दिसत होती. मी म्हटलं, "साहेब, अटक करायच्या आधी मला एकदा वाडीत जाऊ द्या." त्यांनी संध्याकाळपर्यंत वेळ दिला. दुसऱ्या कुणी दिला नसता.

शेडमध्ये बाया चिकू निवडत होत्या. मी विचारलं, "वरच्याला शिव्या कोण कोण देतं?"

एक म्हातारी खो खो हसली. "कोण नाय देत? मी पण देते. तो पण मला देतो, मेला!"

"आणि जुना मुकादम?"

"त्याचं तोंड तं सगळ्यांत घाण होतं. आता सुधारला. वरच्याला 'अहो भाऊ, बसा भाऊ' करतो."

"कधीपासून?"

"शेठने त्याची मुकादमकी काढून वरच्याला दिली ना, तवापासून. मुकादम झाला तरी वरचा झाडावर चढतोच."

जुना मुकादम माल परस्पर बाहेर विकतोय हे वरच्याने शेठला सांगितलं होतं, म्हणून मुकादमकी गेली होती. सगळी टोळी त्याला शिव्या देते आणि ज्याचं त्याने सर्वांत मोठं नुकसान केलं, तो एकटाच 'अहो' म्हणतो. मला तिथेच खटकलं.

मुकादमाला बोलावून चहा दिला. तो वरच्याबद्दल फार गोड बोलत होता. मी म्हटलं, "बरा होईल म्हणतायत डॉक्टर. शेठ मुकादमकी त्याच्याकडेच ठेवणार आहे."

त्याने कप बशीवर आपटला. इतके दिवस गिळलेली पहिली शिवी बाहेर पडली. पुढच्या मी लिहीत नाही. त्यांच्यामागून बाकीचं आलं. दोर बांधून खालचा टोपल्या आणायला गेला, तेवढ्यात याने चाकू फिरवला. दोरावर कुणाची तरी नजर जाणारच, म्हणून आधीच खालच्याकडे बोट दाखवलं. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण तिच्यावरून सापडलेली वस्तू चालते. साहेबांनी लगेच पंच बोलावले. मुकादमाने शेडच्या कौलांत खोचलेला चाकू काढून दिला. पंचनामा झाला, खालचा सुटला.

त्याला मीच दवाखान्यात नेलं. वरचा नुकता शुद्धीवर आला होता, वेदनेने कण्हत होता. जोडीदार दिसताच म्हणाला, "रांडेच्या, साधी शिडी बांधता येत नाय तुला?"

"गप ए भाड्या, तुझ्यापायी जेलात जात होतो!" म्हणत खालचा त्याच्या उशाशी बसून रडायला लागला. दोघांची जुगलबंदी सुरू झाली आणि कण्हणं थांबलं. नर्सबाई ओरडायला आल्या होत्या. बघून तशाच परत गेल्या.

साहेबाने हाताखालच्या माणसाला दिलेली शिवी म्हणजे मार असतो, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलं. तिची बाजू मी घेणार नाही. पण बरोबरीच्या माणसांतली शिवी राग रोजच्या रोज निकालात काढते, दुखणं हलकं करते आणि परक्याला आपलं करते. एखाद्याने ती अचानक बंद केली, तर राग कुठे साठतोय ते बघावं, एवढं त्या वाडीने मला शिकवलं.

आता मी जतला असतो. ड्रायव्हरचा फोन येतो आणि पहिला शब्द शिवीचाच असतो. ज्या दिवशी तो 'नमस्कार साहेब' म्हणेल, त्या दिवशी मी मिळेल ती गाडी पकडून डहाणू गाठणार आहे.