शेमस यांच्या भट्टीवरचे शनिवार

"रिकाम्या हाताने बोलायचं असेल तर कॅफेत जा!" ही शेमस यांची मला पहिली सलामी. युट्रेख्टबाहेरच्या एका डच खेड्यात सायकलची चेन पडली म्हणून मी त्यांच्या लोहारखान्यात शिरलो आणि शिरताच पुण्याच्या रहदारीवर सुरू झालो. त्यांनी भात्याचा दांडा माझ्या हातात दिला. आयर्लंडमधल्या त्यांच्या गावची रीतच होती: लोहाराकडे जो गप्पा मारायला येईल, त्याने भाता ओढायचा. "माझ्या बापाकडे पाद्रीसुद्धा ओढायचा. प्रवचन लांबलं की नाल लवकर व्हायचे."

झालं! पुढची चार वर्षं माझे शनिवार तिथेच. झुइडासमधल्या माझ्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझं कोणी पाच मिनिटं ऐकत नाही. इथे मी साहेबांच्या नकला करी आणि ऐंशीचे शेमस घण टेकवून डोळे पुसत. "ओढ रे बडबड्या, विस्तव विझला!"

मग त्यांची नजर गेली. लोखंड किती तापलं हे लोहार रंगावरून ओळखतो, आणि नेमका रंगच त्यांना दिसेना. मी ओरडून सांगू लागलो: टोमॅटो, झेंडू, लिंबू. लिंबू म्हटलं की ते लोखंड बाहेर काढत; त्यापुढे ते जळतं.

त्यांची डच बायको योहाना वारली. तिच्या कबरीसाठी त्यांना क्रूस घडवायचा होता, स्वतःच्या वडिलांच्या घोडागाडीच्या चाकाची लोखंडी धाव होती तिच्यातून. जन्मभर जपलेलं तेवढंच लोखंड. "हे शेवटचं काम. मग भट्टी बंद."

त्या शनिवारी ते अगदी गप्प होते. त्यांना हसवावं म्हणून मी योहानाचीच नक्कल केली: माझ्या डब्यातली मिरची भेंडी समजून खाताना ती कशी किंचाळली होती, ती. शेमस हसले! किती दिवसांनी! मला चेव आला, भाता जोरात चालला, आणि लिंबू सांगायचं राहूनच गेलं. भट्टीतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या. क्रुसाच्या आडव्या पट्टीचं टोक जळून झडलं.

"किती गेलं?"

"चार बोटं. शेमस, मी..."

ते ऐरणीला टेकले. मग म्हणाले, "तिचा आवाज हुबेहूब काढलास. पुन्हा काढ. आधी भाता सोड."

मी भाता सोडला. नक्कल मात्र मला पुन्हा जमली नाही.

क्रूस तसाच उभा राहिला, एक हात आखूड. मार्चमध्ये शेमसही त्याखाली गेले. दफनानंतर त्यांच्या मुलीने मला हळूच विचारलं, "बाबांनी क्रूस मुद्दाम असा केला होता का?"

कशावरही तासभर रंगवून बोलणारा मी. म्हणालो, "नाही. मी बोलत होतो."