लेझरनंतर परत आलेला नंबर

"पोरी, त्यो चष्मा काढून ठेव आन् चहा आन."

देवळाली प्रवऱ्याहून मला बघायला आलेल्या बाई, म्हणजे मुलाची आई, असं म्हणाल्या आणि माझ्या आईनेच माझा चष्मा काढून घेतला. मायनस अकरा नंबर. चष्म्याशिवाय माणसं म्हणजे नुसते डाग. ट्रे घेऊन अंदाजाने गेले आणि पहिला कप नवऱ्यामुलाऐवजी त्यांच्या ड्रायव्हरपुढे धरला. अख्खी बैठक हसली.

"आंधळीच हाय की," बाई म्हणाल्या.

तरी स्थळ मोडलं नाही. पोरगी रंगाने उजळ, शिकलेली. अट एकच, आधी लेझर करा, मग सुपारी फोडू. आमचं पाथर्डीकडचं कोरडवाहू घर, त्यांचा बागायती ऊस. वडिलांनी मान डोलावली. मला कोणी विचारलं नाही.

लेझर झालं. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता आली, तेव्हा मी आनंदाने रडले. खोटं कशाला बोलू? नगरच्या डॉक्टरबाई मात्र म्हणाल्या, "चष्मा गेला, पण डोळा मोठ्या नंबरवाल्याचाच राहिला. आतला पडदा फाटायची भीती असते, तो दर वर्षी तपासून घे."

लग्नानंतर हे सासूबाईंना सांगितलं. "डोळं नवं करून आनलं ना? आता कसली तपासनी? लोकं म्हनतील सून अधू हाय."

तपासणी राहिली ती राहिलीच. काही वर्षांनी एसटीच्या पाट्या पुसट झाल्या. अंधार पडला की समोरच्या ट्रॅक्टरच्या दिव्याभोवती हे मोठं कडं. डोळे कोरडे, सारखे खुपायचे. माहेरी गेले तेव्हा गुपचूप नंबर काढला. मायनस तीन. चष्मा केला आणि साड्यांच्या घडीत लपवला. लग्नकार्यात समोरचं माणूस ओळखू यायचं नाही, तर बायका म्हणायच्या, बागायतदाराची सून, माज आलाय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

यंदा शाळेत लेकीचे डोळे तपासले. सहावीतली पोर, मायनस चार. सासूबाई चुलत सासऱ्यांसमोरच म्हणाल्या, "चष्मा घरात लाव म्हनावं, चारचौघांत न्हाई. मोठी झाली की आईसारखं लेझर करू. हिचं लई झ्याक झालं."

माझं डोकंच फिरलं. आत गेले, साड्यांच्या घडीतला चष्मा बाहेर काढला, लावला आणि सगळ्यांसमोर सासूबाईंपुढे येऊन उभी राहिले.

"आत्याबाई, माझा नंबर कवाच परत आलाय. मी चष्मा लावनार. पोरगीबी लावनार."

नवरा म्हणाला, "लोकं काय म्हनतील?"

"सांगा त्यास्नी, बायकोला दिसत नव्हतं आन् आमी लपवायला लावलं."



लेझरवर माझा राग नाही. उद्या लेकीला स्वतःला वाटलं, तर सगळं नीट ऐकून, विचारून ती करेल. कोणाच्या पसंतीसाठी करणार नाही, मी करू देणार नाही.

सोमवारी आम्ही दोघी नगरला चाललोय. कोणी सोबत येवो न येवो. माझा पडदा इतकी वर्षं कोणी तपासलेला नाही. त्याचं जे काही झालं असेल ते मी ऐकणार, आणि घरी येऊन सगळ्यांना बसवून मोठ्याने सांगणार.