मंगलच्या तोंडून माझा आवाज

युरियाची गोणी उघडली, की मला मंगलचं वाचन ऐकू येतं. दुष्काळात सोसायटीच्या खताच्या रिकाम्या गोदामात मी चौथीचा वर्ग घेत होतो. तपासणीला साहेब आले, तेव्हा मंगल धडा घडाघडा वाचू लागली. वाऱ्यानं पान उलटलं, तरी ती थांबली नाही. वाचायची चाल माझीच होती. शिकवताना मी जिथं खोकायचो, तिथं ती खोकलीही. मला कळलं. साहेबांच्या काही ध्यानात आलं नाही. त्यांनी माझी पाठ थोपटली.

ते गेल्यावर मी विचारलं, “अक्षरं दिसत न्हाईत का गं?”

“दिसतेत, गुर्जी. पण लई हलतेत. तुमचा आवाज हलत न्हाई.”

“हे कुणापाशी बोलू नको,” मी म्हणालो.

तेव्हा वाटलं, पोरीची लाज राखली. तिनं माझं ऐकलं. पुढं कुठल्याच मास्तरला तिनं ते सांगितलं नाही.